दिवेलागणीच्या आत

श्रोतेहो, नमस्कार. आज माझ्या घरच्या दोन सुखांबद्दल आणि आमच्या दिवसभराच्या सहलींबद्दल सांगते.

दापोली तालुक्यातल्या आमच्या वाडीत सध्या सकाळी उजाडलं की एक आवाज सुरू होतो. धप्, धप्, धप्. जरा थांबतो आणि मग शेजारच्या घराकडून ऐकू येतो. अंगणं चोपायचे दिवस आहेत हे.

आमच्याकडे पावसाळ्यात साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढं पाणी झेलल्यावर अंगण म्हणून काही शिल्लक राहत नाही. गुडघ्याएवढं गवत, शेवाळ, पागोळ्यांनी पाडलेले चर. दिवाळी झाली, भात घरात आलं, की ते सगळं बेणायचं, माती खणून ढेकळं फोडायची, सारखी करायची, पाणी मारून रात्रभर मुरू द्यायची. मग दुसऱ्या दिवशी लाकडी चोपणं घेऊन एका कडेने बडवत सुटायचं. हात भरून येतात, तळव्यांना फोड येतात. पण पायाखालची भुसभुशीत माती हळूहळू घट्ट होत जाते, चोपण्याचा आवाजही बदलतो, बद्द असतो तो टणक होतो. त्या आवाजावरून सासूबाई ओटीवर बसल्या बसल्या सांगतात, 'तिथे अजून कच्चं आहे हो.'

माझं माहेर घाटावरचं, शहाबादी फरशीच्या घरातलं. लग्न होऊन आले त्या वर्षी मी विचारलं होतं, एकदाच सिमेंटचा कोबा का नाही घालत? सासूबाईंनी माझ्याशी वाद घातला नाही. शेणकाल्याचं घमेलं पुढे ठेवलं आणि म्हणाल्या, 'अगो, हात गोल फिरव. आणि मागे मागे सरकत ये, सारवलेल्यावर पाय नको.' पहिल्या वर्षी माझं सारवण ओबडधोबड झालं, वाळल्यावर पोपडे निघाले. पाणी किती, शेण किती हे हाताला कळायला मला तीन हिवाळे लागले. आता हात फिरतो तसे अर्धगोल एकात एक बसत जातात, माशाच्या खवल्यांसारखे. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ते अंगण बघत मी नुसती उभी राहते. याच अंगणात पुढे सुपारी वाळते, मे महिन्यात रातांब्याची, म्हणजे कोकमाची सोलं वाळतात, रसात बुडवून पुन्हा उन्हात, पुन्हा रसात, पुन्हा उन्हात, असं पाऊस गाठायच्या आत उरकायचं असतं. आणि चैत्रात वरच्या मांडवाखाली चटई टाकून आडवं झालं की पाठीला जो गारवा लागतो तो कोब्यावर मिळत नाही. कोबा दिवसभराचं ऊन रात्री परत करतो, माती ते पोटात ठेवून घेते.

दुसरं सुख पाण्याचं. नारळी-पोफळींना एक दिवसाआड शिपणं असतं. पूर्वी विहिरीवर रहाट होता, आता पंप आहे, पण पाट तेच आहेत. पंप सुरू केला की मी अनवाणी पाटाबरोबर चालायला लागते. एका आळ्यात पाणी भरलं की खोऱ्याने मातीचा एक गोळा ओढून ते तोंड बुजवायचं आणि पुढचं उघडायचं. पुढच्या झाडाकडे वळलेलं पाणी आधी वाळलेली पानं, सुपारीची फोलं, मुंग्या असं सगळं ढकलत येतं, मग निवळतं. या कामाला तास-दीड तास लागतो आणि त्या वेळात मला कुणी हाक मारलेली आवडत नाही.

आता सहलीबद्दल. ज्या घरात दुभती गाय असते, त्या घराला मुक्कामाची सहल ठाऊक नसते. आमची गोदी कोकणातली गावठी जात, कपिला म्हणतात ती. लहान चणीची, डोंगर-उतारावर चरणारी, पावसाला न डगमगणारी. दूध वेळेला जेमतेम दीड लिटर, पण धार सकाळ-संध्याकाळ काढावीच लागते. म्हणून आमची प्रत्येक सहल सकाळच्या धारेनंतर निघते आणि दिवेलागणीच्या आत परत येते. सुरुवातीला मला ही अडचण वाटायची. आता वाटतं, त्या एका अटीमुळेच मला माझा तालुका कळला. लांब जाता येत नाही म्हटल्यावर माणूस जवळचं नीट बघायला लागतं.

पन्हाळेकाजीची लेणी मी अशीच पाहिली. कोटजाई नदीच्या काठी 29 लेणी आहेत, आधी बौद्धांची आणि पुढे नाथपंथीयांचीही. हर्णैला बंदरावरचा मासळीचा लिलाव पाहिला, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. पण पुन्हा पुन्हा जावंसं वाटतं ते आसूदच्या केशवराजाला.

दापोलीहून हर्णैच्या रस्त्याला आसूदबागेच्या थांब्यावर एसटीतून उतरायचं. डांबरी रस्ता सोडून खाली वळलं की दोन्ही बाजूंना पोफळी सुरू होतात. जांभ्या दगडाची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची पायवाट, आणि तिच्या कडेने वाहणारा पाट. भर दुपारीही इथे ऊन नाण्यांएवढंच खाली पडतं. एकदा पाडेली सुपारी काढत होता. एका पोफळीचा शेंडा झुलवत झुलवत त्याने दुसरीचा शेंडा धरला आणि खाली न उतरताच तिच्यावर गेला. माझी मुलं तेव्हा लहान होती, तोंड उघडं टाकून बघत राहिली. मग खाली पडलेली एक विरी मिळाली. पोफळीच्या झावळीचा तो रुंद, गुळगुळीत देठ. धाकटी तिच्यावर बसली आणि थोरल्याने तिला ओढत पार नदीपर्यंत नेलं. शहरातल्या कुठल्याही झोपाळ्यावर मी त्या पोरीला तेवढं हसताना पाहिलेलं नाही.

नदीवरचा साकव ओलांडला की चढ लागतो. पायऱ्या दमवतात, छाती भरून येते, आणि झाडीत एकदम देऊळ दिसतं. अंगणात गोमुखातून पाणी पडत असतं. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी दगडी पन्हळीने आणलंय. ज्यांनी ते आणलं त्यांनी उतार किती काळजीने साधला असेल, हे मला पाट वळवायला लागल्यापासून समजतं. ओंजळ धरायची आणि प्यायची. केशवराजाचं दर्शन घ्यायचं आणि सावलीत डबा सोडायचा.

डब्यात आमच्याकडे ठरलेले दडपे पोहे. पातळ पोह्यांत ओलं खोबरं, बारीक कांदा, मिरची, कोथिंबीर, लिंबू, मीठ-साखर, वरून नारळाच्या पाण्याचा हबका आणि मोहरी-हिंगाची फोडणी. झाकण घट्ट लावायचं. घरी वर वजन ठेवून दडपावे लागतात, इथे चढ संपेपर्यंत पोहे डब्यातच मुरतात. पोह्याचे मिरगुंड मात्र वेगळ्या पुडीत, जेवताना चुरायचे, नाहीतर मऊ पडतात. सोबत ताकाची बाटली. बोलणं फारसं होत नाही. गोमुखाची धार ऐकत जेवायचं.

एकदाच आम्ही नियम मोडला. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना पाहायची होती. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने 2002 मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या संरक्षणाचं काम सुरू केलं आणि गाव त्यात मनापासून उतरला. पिल्लं बाहेर पडतात ती 45 ते 60 दिवस वाळूत काढून, आणि ती पाहायची तर सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी किनाऱ्यावर हवं, म्हणजे मुक्काम आला. शेजारच्या काकूंनी धारेची जबाबदारी घेतली. घरट्यावरची टोपली उचलल्यावर तळहाताहून लहान ती काळी पिल्लं लाटेकडे खुरडत निघाली, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे आज सांगायला मला संकोच नाही. पण घरी गोदीने पान्हा चोरला होता. काकूंना पेलाभर दूधसुद्धा दिलं नाही. आम्ही आलो तशी ती दाव्याला हिसके देत हंबरली. तिच्या गळ्याखालची पोळी खाजवत मी बराच वेळ उभी राहिले.

सासूबाईंचे गुडघे आता चढ चढत नाहीत. म्हणून केशवराजाहून निघताना मी गोमुखाचं पाणी बाटलीत भरून घेते. चारच्या सुमाराला एसटी मिळते. वाडीत शिरेपर्यंत ऊन माडांच्या शेंड्यांवर गेलेलं असतं, कुणाच्या तरी चुलीचा धूर पोफळींत अडकलेला असतो. सासूबाई ओटीवर वाट बघत असतात. बाटली हातात घेतात, दोन घोट पितात, उरलेलं तुळशीला घालतात. मग म्हणतात, 'गोदी दोनदा हंबरली हो.' मी पदर खोचते आणि कासंडी घेऊन गोठ्याकडे जाते.

नमस्कार.