अमेरिकेत फिश अँड चिप्स : आधी मासा विचारा

(दृश्य : कोलंबिया नदीचं रुंद मुख. करडं पाणी, नांगरलेली मालवाहू जहाजं, उतारावरची लाकडी घरं.)

ऑरेगन राज्यातलं अ‍ॅस्टोरिया. कोलंबिया नदी पॅसिफिक महासागराला मिळते, त्या मुखाशी वसलेलं गाव. एके काळी हा सगळा काठ मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यांचा होता. कारखाने गेले, सागरी संग्रहालय आलं. त्या संग्रहालयासमोर, रस्त्यापलीकडे एक होडी उभी आहे. चक्क जमिनीवर.

होडी खरीखुरी आहे. पुढच्या टोकावरून जाळं आत ओढणाऱ्या अशा होड्यांना इथे बोपिकर म्हणतात, आणि तिच्यात थाटलेल्या फिश अँड चिप्सच्या, म्हणजे पिठात तळलेला मासा आणि तळलेल्या बटाट्याच्या फोडींच्या, दुकानाचं नावही तेच. आत तळणीचं तेल तापलेलं, बाहेर फुटपाथवर रांग. मेन्यू वाचायला वेळ लागत नाही. अर्धी प्लेट की पूर्ण, एवढंच ठरवायचं.

मासा मात्र ऐकून घ्या. या पदार्थाला नेहमी वापरतात तो कॉड नाही, हॅडॉक नाही. अल्बाकोर ट्यूना. आपल्या कोकणातल्या कुप्याच्या कुळातला. लंडनच्या माणसाला सांगितलं तर तो म्हणेल, हे फिश अँड चिप्सच नव्हे. पण उन्हाळ्यात आणि पावसाळी थंडी सुरू होईपर्यंत याच किनाऱ्यावर अल्बाकोर सापडतो, गळाच्या दोऱ्यांनी एकेक करून धरतात. तुकडी घट्ट, चवीला भरलेली. पहिल्या घासाला कोंबडीची आठवण होते, दुसऱ्याला नाही.

अमेरिकेत चांगलं फिश अँड चिप्स कुठे मिळतं, हा प्रश्न बहुतेक जण चुकीच्या टोकाकडून सोडवायला घेतात. बाहेर लाल टेलिफोन बूथ आहे का, भिंतीवर राणीचा फोटो आहे का, बिअर ब्रिटिश आहे का. या गोष्टी मालकाच्या हौसेबद्दल सांगतात. ताटाबद्दल नाही. काउंटरवर एकच विचारा : मासा कुठला?

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. लंडनचं ईस्ट एंड, दुकानासमोरची गर्दी.)

पदार्थ मुळात ब्रिटनचा, आणि तिथेही दोन वाटांनी आलेला. पिठात बुडवून तळलेला मासा पोर्तुगाल-स्पेनकडून आलेल्या ज्यू कुटुंबांनी लंडनमध्ये रुजवला. तळलेला बटाटा उत्तरेतल्या गिरणीगावांत लोकप्रिय झाला. दोन्ही एका कागदात पहिल्यांदा कोणी बांधले, यावर लंडन आणि उत्तरेतलं लँकेशायर अजून भांडतात. दोघांचेही दावे 1860 च्या आसपासचे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये लोणी, साखर, मटण, सगळ्यावर रेशन होतं. फिश अँड चिप्सवर नव्हतं.

अमेरिकेत त्याची साखळी दुकानं उभी राहिली 1960 च्या दशकात. त्यातली सर्वात गाजलेली आर्थर ट्रीचर्स. आर्थर ट्रीचर हा इंग्लिश नट. हॉलिवूडमध्ये बटलरच्या भूमिका करून नाव कमावलेला. 1969 मध्ये ओहायोतल्या कोलंबस शहरात त्याच्या नावाची पाटी लागली, आणि दहा वर्षांत देशभर आठशेच्या वर दुकानं झाली. मासा अटलांटिकचा कॉड.

आणि इथेच घात झाला. कॉडवरून आइसलंड आणि ब्रिटन यांच्यात खरोखरीची जुंपली होती. आइसलंडच्या गस्ती नौका ब्रिटिश ट्रॉलर्सची जाळी कापत होत्या. 1975 मध्ये आइसलंडने आपली मासेमारीची हद्द 200 सागरी मैलांवर नेली, 1976 मध्ये ब्रिटनने माघार घेतली, आणि कॉडचा भाव चढत गेला. 1979 मध्ये ट्रीचर्स एका गोठवलेल्या माशांच्या कंपनीकडे गेली. कॉडच्या जागी स्वस्त पोलॉक आला. दुकान तेच, पाटी तीच, मासा दुसरा. गिऱ्हाईक मूर्ख नसतं. आज ती दुकानं बोटांवर मोजण्याइतकी उरलीत, आणि बहुतेक ओहायोतच.

पुढे 1992 मध्ये कॅनडाने न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरची कॉडची व्यापारी मासेमारीच बंद केली. चारशे-पाचशे वर्षं उपसलेला समुद्र रिकामा झाला होता. तेव्हापासून अमेरिकेतल्या मेन्यूवर ‘कॉड’ दिसलं की तो बहुधा आइसलंड, नॉर्वे किंवा अलास्काकडून आलेला असतो, बर्फात गोठून. यात नाक मुरडण्यासारखं काही नाही, हेही सांगून टाकू. जहाजावरच काही तासांत साफ करून गोठवलेला कॉड हा चार दिवस बर्फावर पडलेल्या ‘ताज्या’ माशापेक्षा बरा. ब्रिटनमधली कितीतरी नावाजलेली दुकानंही तोच वापरतात. सावध व्हायचं ते मेन्यूवर नुसतंच ‘व्हाइट फिश’ लिहिलेलं असेल तेव्हा. ज्याला आपल्या माशाचं नाव घ्यायला संकोच वाटतो, त्याच्याकडे बर्गर मागवावा.

(दृश्य : कढईत सोडलेली तुकडी. उसळणारे बुडबुडे, जवळून.)

आता तळणीकडे. भजीचं पीठ ज्याने भिजवलंय त्याला यातलं निम्मं आधीच कळतं. फरक आहे तो बिअरचा. बिअरमधला वायू गरम तेलात फुलतो आणि आवरणात पोकळ्या ठेवतो. अल्कोहोल पाण्यापेक्षा लवकर उडतं, त्यामुळे कवच पटकन धरतं. मैदा फार फेटला तर चिवट होतो. अल्कोहोल त्यालाही थोडा आळा घालतं. तेल साधारण 180 अंश सेल्सिअस. त्याहून थंड असेल तर पीठ तेल पिऊन बसतं. सगळं जमलं तर आतला मासा तळला जातच नाही. तो स्वतःच्या वाफेवर शिजतो, म्हणून काटा लावताच खपल्या सुटतात.

याच वाफेमुळे हा पदार्थ घरपोच मागवू नये. झाकण बंद केलेल्या डब्यात ती वाफ बाहेर पडायला वाट शोधते आणि कवचाचं ओलं फडकं करते. पंधरा मिनिटं पुरतात. दुकानाबाहेरच्या बाकावर बसा, बोटं भाजू द्या.

बटाट्याच्या बाबतीत अमेरिका कमी पडते. ब्रिटिश चिप्स जाडजूड, आत मऊ. इथे बहुतेक ठिकाणी गोठवलेल्या पिशवीतल्या बारीक फ्राइज येतात, मासा कितीही उत्तम असला तरी. हाताने कापलेल्या, दोनदा तळलेल्या जाड फोडी मिळाल्या तर त्या दुकानाचं नाव लिहून ठेवा.

आणि आपल्या जिभेचं काय? रव्यात घोळवलेला बोंबील, मिरची-कोकमाचं वाटण चोळलेलं पापलेट यांवर वाढलेल्या माणसाला कॉड अळणी लागणार. मुलांकडे सहा महिने राहायला आलेले आईबाबा पहिल्या घासाला एकमेकांकडे बघतात, ते यामुळेच. सोबत येणाऱ्या मेयोनीजच्या टार्टर सॉसने तो आणखी अळणी होतो. टेबलावर माल्ट व्हिनेगरची बाटली असेल तर सढळ हाताने शिंपडा, मीठ वरून टाका. बाटली नसेल तर मागा. बहुतेक वेळा आत असते. लिंबाने निम्मंच काम होतं.

(दृश्य : सिएटल. धक्के, फेरीबोटी, गल पक्षी.)

वॉशिंग्टन राज्यातल्या सिएटलमध्ये सॉफ्टवेअरवाल्या मराठी मंडळींची वस्ती मोठी, त्यामुळे हा पत्ता अनेकांच्या कामाचा. पिअर 54 या धक्क्यावर 1938 मध्ये आयव्हर हॅगलंड नावाच्या लोकगीतं गाणाऱ्या माणसाने मत्स्यालय काढलं. मासे बघून झाल्यावर लोकांना मासे खावेसे वाटतात, हे त्याच्या लक्षात आलं आणि शेजारी फिश अँड चिप्सचा काउंटर आला. मत्स्यालय कधीच बंद झालं, काउंटर चालू आहे. त्याहूनही जुनं म्हणजे अल्काय बीचवरचं स्पड, 1935 पासूनचं.

इथला कॉड पॅसिफिकचा, अटलांटिकच्या कॉडचा सख्खा भाऊ. अलास्काकडे जाणाऱ्या मासेमारी नौकांचा मोठा तळ याच शहरात आहे. पाटीवर हॅलिबटही दिसेल, काही डॉलर महाग. हा चपटा, प्रचंड वाढणारा मासा. तुकडी पांढरीशुभ्र आणि गोडसर. पण चरबी कमी असल्याने अर्धं मिनिट जास्त तळला की कोरडा पडतो. गर्दीच्या दुकानात मी कॉडच घेईन. ऑरेगनच्या किनाऱ्यावर लिंगकॉड लिहिलेलं सापडलं तर जरूर घ्या. तो कॉडही नाही आणि अटलांटिकमधला ‘लिंग’ नावाचा मासाही नाही, पण तळणीला त्याच्याइतका गुणी मासा या किनाऱ्यावर कमी.

पूर्वेला न्यू इंग्लंडमध्ये गेलात तर हॅडॉक. मेन, मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशायर, सगळीकडे तोच. अंगावर काळा ठिपका असतो. ख्रिस्ती लोककथेत तो संत पीटरच्या अंगठ्याचा ठसा. कॉडपेक्षा पातळ तुकडी, चव किंचित गोड. रस्त्याकडेच्या, फक्त उन्हाळ्यात उघडणाऱ्या लाकडी टपऱ्यांवर तो सर्वात चांगला मिळतो, कारण तिथे तेलाला उसंत नसते. दक्षिणेत कॅटफिश मक्याच्या पिठात तळतात. तो वेगळाच पदार्थ, वेगळ्या चित्रफितीचा विषय.

(दृश्य : विस्कॉन्सिन. बर्फ, निऑनची पाटी, गाड्यांनी भरलेलं पार्किंग.)

समुद्रापासून शेकडो मैल दूर. आणि तरीही माझ्या मते अमेरिकेतला तळलेला मासा खायचा तर इथेच. पण कुठल्याही दिवशी नाही. शुक्रवारी.

जर्मन आणि पोलिश कॅथलिकांचं हे राज्य. शुक्रवारी मांस वर्ज्य, मासा चालतो. 1920 ते 1933 दारूबंदी होती तेव्हा बिअर गेलेल्या गुत्त्यांनी तळलेल्या माशावर गिऱ्हाईक धरून ठेवलं. 1966 मध्ये अमेरिकन बिशपांनी शुक्रवारचं बंधन सैल केलं, आता ते मुख्यतः ईस्टरआधीच्या लेंट काळापुरतंच आहे. विस्कॉन्सिनने हा निर्णय मनावर घेतला नाही. कॅथलिक, लुथरन, नास्तिक, सगळे शुक्रवारी मासा खातात.

याच शुक्रवारने मॅकडोनाल्ड्सलाही मासा विकायला लावलं. 1962 मध्ये सिनसिनाटीच्या एका कॅथलिक वस्तीतले फ्रँचायझीवाले लू ग्रोएन यांचा शुक्रवारचा गल्ला रिकामा जायचा. त्यांनी माशाचं सँडविच पुढे केलं. कंपनीचे प्रमुख रे क्रॉक यांचा जीव अननसाची चकती घातलेल्या बर्गरवर होता. एका शुक्रवारी दोन्ही विकायला ठेवले. क्रॉक यांच्या बाजूने कोणी रांग लावली नाही.

विस्कॉन्सिनच्या ताटात बिअरच्या पिठातला कॉड, नाहीतर गोड्या पाण्यातला पर्च किंवा वॉलाय. बाजूला कोबीचं सॅलड आणि राय ब्रेडचा तुकडा. आता इथे ‘मासा कुठला’ विचारलंत तर उत्तर निराश करेल. मिशिगन तलावातला पर्च 1990 च्या दशकात इतका आटला की व्यापारी मासेमारी जवळपास थांबवावी लागली. आजचा पर्च बराचसा ईरी तलावाच्या कॅनडाकडच्या बाजूने येतो. पण एका संध्याकाळी अख्खं गाव तेच मागवतं, म्हणून कढईतून निघालेली तुकडी दिव्याखाली वाट बघत पडत नाही. ताजेपणाचा हिशेब इथे समुद्राच्या अंतरावर नाही, रांगेच्या लांबीवर चालतो.

साडेपाचच्या आत पोहोचा. टेबल मिळेपर्यंत बारपाशी उभं राहावं लागेल, सगळेच राहतात. ऑर्डर देताना फ्राइजऐवजी बटाट्याचे पॅनकेक सांगा. सोबत सफरचंदाचा सॉस येईल. तो पॅनकेकचा आहे, माशाला लावू नका.