शिधापत्रिकेवरचा देश : इराक, 2002

इराकचे राष्ट्राध्यक्ष सद्दाम हुसेन यांचे चित्र असलेली ही नोट 250 दिनारांची आहे. 1990 पूर्वी सरकारी दराने एका इराकी दिनाराला तीन डॉलर मिळत; 2002 मध्ये एका डॉलरसाठी सुमारे 2,000 दिनार मोजावे लागत. मोजावे लागत असे तरी कसे म्हणावे? बाजारात नोटांची गड्डी तशीच हातात ठेवली जाई. तरीही शिधापत्रिका दाखवली की याच एका नोटेत एका माणसाचे महिन्याचे पीठ, तांदूळ, साखर, चहा, तेल, डाळ आणि साबण मिळे.

कुवेतवरील आक्रमणानंतर ऑगस्ट 1990 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी निर्बंध लादले आणि तेलावर जगणाऱ्या या देशाचा व्यापार थांबला. 1996 च्या अखेरीस ‘तेलाच्या बदल्यात अन्न’ योजना सुरू झाली, तरी शिक्षकाचा पगार महिनाभर पुरेना. बगदादच्या मुतनब्बी रस्त्यावर दर शुक्रवारी पुस्तकांचा बाजार भरतो. तिथे पदपथावर मांडलेल्या कितीतरी पुस्तकांच्या पहिल्या पानावर तेव्हा मूळ मालकाचे नाव तसेच असे. घरातले कपाट रिकामे करताना त्या माणसाला काय वाटले असेल, हे त्या सहीकडे पाहून कळे.

सद्दाम यांनी राष्ट्राध्यक्षपदी राहावे का, यावर 15 ऑक्टोबर 2002 रोजी सार्वमत झाले. उमेदवार एकच, उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’. सरकारने जाहीर केले की 1,14,45,638 मतदारांपैकी प्रत्येकाने ‘हो’ म्हटले. ज्याच्या घरचे पीठही त्याच सरकारच्या हातून येते आणि ज्याला तुरुंगाचे भय आहे, त्याच्या मताला संमती म्हणता येत नाही.

नोव्हेंबरच्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांचे शस्त्रनिरीक्षक परतले, तसे अमेरिकेबरोबरच्या युद्धाचे सावट गडद झाले. सरकार पुढच्या महिन्यांचा शिधा आगाऊ वाटत होते. लोकांनी अंगणात विहिरी खोदल्या, रॉकेल साठवले. आणि काहींनी, रोख पैशाची निकड असल्यामुळे, आगाऊ मिळालेल्या त्याच शिध्यातले काही विकून टाकले.

20 मार्च 2003 च्या पहाटे बगदादवर पहिले हल्ले झाले. काही आठवड्यांत राजवट कोसळली, मंत्रालये लुटली गेली, पण कुटुंबागणिक माणसांची नोंद असलेली शिधापत्रिकांची यादी टिकली. जानेवारी 2005 च्या निवडणुकीसाठी मतदारांची नावे घेण्यात आली, ती याच यादीतून.