चटकचांदणी

पडद्यावर दिसणारा नदीकाठचा हा पांढरा पट्टा लांबून शेवंतीच्या मळ्यासारखा दिसतो. जवळ गेलं की कळतं, हे गाजर गवत. कुणी काँग्रेस गवत म्हणतं, कुणी चटकचांदणी.

फूल नीट बघा. हा खरं तर बारीक फुलांचा झुबका. कडेला पाच पांढऱ्या पाकळ्या दिसतात, ती पाच वेगळी फुलंच. बी धरतं ते या पाचांतच. मधली चाळीसेक बारीक फुलं बी देत नाहीत. त्यांचं काम फक्त पराग तयार करायचं. मोठ्या झाडावर असे झुबके हजारोंनी लागतात.

हे गवत मूळचं अमेरिका खंडातलं. पुण्यात 1955 च्या सुमारास पहिल्यांदा नजरेत आलं. परदेशी धान्याबरोबर बी आलं असं मानतात. पुढे ते देशभर पसरलं. 1983 मध्ये ते खाऊन आटोक्यात ठेवायला मेक्सिकोहून हा भुंगा आणला. पावसाळ्यात तो कसा पानं फस्त करतो, बघा. चार दिवसांपूर्वी इथं गुडघाभर गवत होतं, आता नुसत्या काड्या राहिल्यात.

पण पाऊस ओसरला की बहुतेक भुंगे मातीत शिरून झोपतात. गवताला मात्र ऋतूचं बंधन नाही. ओल मिळाली की उगवायचं आणि महिन्याभरात फुलायचं. नोव्हेंबर-डिसेंबरात अवकाळी बरसला की गवत वर आणि भुंगा खाली, अशी गत होते. जानेवारीतही परागांचा धुरळा!

आणि हवाही बदलली आहे. 1958 मध्ये हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे 315 भाग होते, आज 420 च्या वर आहेत. गाजर गवताच्याच कुळातल्या रॅगवीडवर अमेरिकेत प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2000 साली आले. कारखान्यांपूर्वीच्या काळातल्यासारख्या हवेत वाढवलेल्या रोपांपेक्षा प्रयोगाच्या वेळच्या हवेतल्या रोपांनी दुपटीहून जास्त पराग दिले.

गाजर गवताने नाक वाहतं, दमा उठतो, उघड्या अंगावर चट्टे येतात. खुरपणाऱ्या बायकांचे हे हात बघा.

ही जानेवारीतली सकाळ. रोप अजून ताटलीएवढं, जमिनीला चिकटून आहे, कळी धरलेली नाही. उपटायचं ते आत्ताच. हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधायची, नाकावर रुमाल, आणि मुळासकट ओढायचं. पुढच्या आठवड्यात आलो तर उशीर झालेला असेल.