डोमकळीच्या आत

यवतमाळकडं कापसावरची गुलाबी बोंडअळी कुणाला सांगावी लागत नाही. तिचा पतंग मात्र नीट पाहिलेले थोडेच. दिवसा तो पालापाचोळ्यात, मातीच्या भेगांत दडतो आणि उडतो रात्री.

हा पाहा. लांबी जेमतेम एक सेंटिमीटर. अंग करडं-तपकिरी, पुढच्या पंखांवर काळपट डाग. मागचे पंख चंदेरी, कडेला बारीक केसांची झालर.

मादी पात्यांवर म्हणजे कळ्यांवर, फुलांवर, कोवळ्या बोंडांच्या बुडाशी अंडी घालते. अंडं अर्ध्या मिलिमीटरचं. तीन ते सहा दिवसांत अळी निघते, तीही पांढुरकी. गुलाबी रंग मागाहून चढतो.

आता हे फूल बघा. शेजारची उमललीत, हे गुलाबाच्या कळीसारखं मिटूनच आहे. ही डोमकळी. अळीनं आतून धागे काढून पाकळ्या एकमेकींना बांधून टाकल्यात. हलक्या हातानं उकला. परागकण खाऊन संपवलेत, आणि त्या भुशातच ती वळवळतेय.

बोंडात शिरली की तिच्यामागं छिद्र बुजतं. बाहेरून बोंड हिरवंगार, आत सरकी पोखरलेली. फवारा तिथवर पोचतच नाही. वेचणीच्या वेळी बोंड धड उघडत नाही, हाती कवडी, म्हणजे किडका, डागी कापूस येतो.

पुढं ती बोंडाला गोल भोक पाडून उतरते, मातीत किंवा पाचोळ्यात कोष करते. अंड्यापासून पतंगापर्यंत साधारण महिना-सव्वा महिना. एका हंगामात पिढीवर पिढी.

२००२ साली बोंडअळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारा बीटी कापूस आला, २००६ साली दोन जनुकांचा. अळीनं कालांतरानं दोन्ही पचवले. २०१७ चा हंगाम विदर्भ विसरलेला नाही.

खरी मेख थंडीत आहे. तेव्हाच्या बऱ्याच अळ्या कोषात जातच नाहीत. दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोकळीत महिनोन्‌महिने निजून राहतात. धुऱ्यावर रचलेल्या पऱ्हाट्यांत म्हणजे कापसाच्या झाडांत, जिनिंगमधल्या सरकीत. पाऊस पडला की पतंग होऊन नव्या पऱ्हाटीवर. फरदडीतून, म्हणजे हंगाम सरल्यावरही राखलेल्या पऱ्हाटीतून चार पैसे सुटतात, ते कुणाला नको असतात? पण अळीला ती आयतं घर देते. माझ्या मते, डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटून शेत मोकळं करणं हे कुठल्याही औषधाआधीचं काम.

हंगामात एकरी दोन कामगंध सापळे लावायचे. मादीच्या गंधाला भुलून नर त्यात सापडतात. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग आले, की दुसऱ्याच दिवशी शेतात फिरून हिरवी बोंडं फोडून पाहायची.