नाथसागर उणे कसा होतो?

(परभणीत संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

पावसाळ्यात आपल्याकडचे पेपर रोज छापतात तो आकडा घेऊ. जायकवाडी धरण, म्हणजे आपला नाथसागर, पूर्ण भरलं की त्याचा जिवंत साठा असतो सुमारे २,१७१ दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. कुणीतरी नमपायच्या (NumPy, पायथनमधली आकडेमोडीची लायब्ररी) ॲरेत, म्हणजे आकड्यांच्या रांगेत, २१७१ ठेवले आणि घनमीटर काढायला दहा लाखांनी गुणले. लिनक्सवर उत्तर येतं २१७ कोटी १० लाख. आता प्रोग्राम तोच, पायथनही तोच. फक्त मशीन विंडोजचं आणि नमपाय २.० च्या आधीचं. उत्तर येतं उणे २१२ कोटी ३९ लाख ६७ हजार २९६. एरर नाही, काही नाही. नाथसागर उणे!

३२ बिटांच्या चिन्हांकित, म्हणजे अधिक-उणे दोन्ही मावणाऱ्या, पूर्णांकात जास्तीत जास्त २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ मावतात. त्याच्या पुढे गेलं की साइन बिट, म्हणजे चिन्ह दाखवणारा बिट, पेटतो आणि संख्या उणे वाचली जाते. गंमत अशी, की धरण जवळपास ९८.९ टक्के भरेपर्यंत हा प्रोग्राम अगदी बरोबर चालतो. म्हणजे दुष्काळी सालात ही चूक सापडायचीच नाही. सापडेल कधी, तर दरवाजे उघडायची वेळ येईल तेव्हा. टेस्टिंगला आपण नेहमी लहान आकडे घेतो, म्हणून हे सांगतोय.

पण हा दोष विंडोजचा का? पूर्ण नाही. ६४ बिटांची मशीनं आली तेव्हा युनिक्सवाल्यांनी सी भाषेतला लाँग (long) हा पूर्णांकाचा प्रकार ६४ बिटांचा केला. मायक्रोसॉफ्टने जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून तो ३२ वरच ठेवला. सीच्या नियमांत दोन्ही बसतं. नमपाय आपला पूर्णांक या लाँगवरून घ्यायचं. २०२४ मध्ये २.० आलं आणि ६४ बिटांच्या विंडोजवरही तो ६४ बिटांचा झाला.

‘विंडोजवर एक, लिनक्सवर दुसरं’ असं आपण पटकन म्हणतो. लाँगच्या बाबतीत ते खरं आहे. बाकी ठिकाणी मात्र खापर भलत्याच डोक्यावर फुटतं. आता दोन्हीकडे लिनक्सच घ्या: एक तुमचा नेहमीचा इंटेलचा लॅपटॉप, दुसरा रास्पबेरी पाय, म्हणजे आर्म प्रोसेसरचा छोटा संगणक. सीमध्ये ‘परभणी’ ही स्ट्रिंग ठेवा आणि पहिला बाइट बघा. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहायच्या पद्धतीत, देवनागरी अक्षराचा पहिला बाइट असतो २२४. लॅपटॉपवर सीचा साधा ‘char’ हा एका बाइटाचा प्रकार चिन्हांकित असतो, म्हणून तिथे दिसेल उणे ३२. रास्पबेरी पायवर तो चिन्हरहित, तिथे २२४. एका बिटाने उजवीकडे सरकवा: इकडे उणे १६, तिकडे ११२. हाच बाइट कुणी ॲरेचा इंडेक्स म्हणून वापरला, तर लॅपटॉपवर ॲरेच्या आधीची मेमरी वाचली जाईल. इंग्रजी मजकुरावर हे कधीच कळत नाही, कारण तिथले सगळे बाइट १२७ च्या आत. मराठी मजकूर टाकून बघणं ही हौस नाही लेकरांनो, ती चाचणी आहे.

शिफ्टचंही, म्हणजे बिट सरकवण्याचंही, तसंच. चलात ३२ आहेत आणि १ ला तितक्या घरांनी डावीकडे सरकवलं. इंटेलचा प्रोसेसर ३२ बिटांच्या शिफ्टमध्ये मोजणीचे खालचे पाचच बिट बघतो. ३२ चे खालचे पाच बिट शून्य, म्हणून उत्तर १. जुन्या ३२ बिटांच्या आर्मवर उत्तर शून्य. सीच्या लेखी ही कृतीच अव्याख्यायित आहे, म्हणजे उत्तर काय यावं हे ठरवलेलंच नाही, त्यामुळे ‘बरोबर कोण’ हा प्रश्नच उरत नाही. जावाने इथे शहाणपणा केला: पाच बिटांचा नियम भाषेतच लिहिला. चुकलं तरी सगळ्या मशीनवर सारखंच चुकतं, निदान शोधता येतं.

सर्वांत वाईट प्रकार कंपायलरचा, म्हणजे आपला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्याचा. ओव्हरफ्लो झाला का, म्हणजे संख्या मर्यादेबाहेर गेली का, हे बघायला तुम्ही ‘क्ष अधिक १ हे क्षपेक्षा लहान आहे का’ असं लिहिता. चिन्हांकित पूर्णांक ओव्हरफ्लो होणारच नाही, असं धरून चालायची मुभा कंपायलरला आहे. ऑप्टिमायझेशन (प्रोग्राम वेगवान करणं) चालू केलं की तो ती ओळ उडवून टाकू शकतो. पहारेकरीच गायब! बेरीज करण्याआधीच तपासा: क्ष हा कमाल मर्यादेला पोचलाय का? जीसीसी आणि क्लँग या कंपायलरांमध्ये अशा अव्याख्यायित कृती पकडणारा अनडिफाइन्ड बिहेवियर सॅनिटायझर आहे, तो चालू ठेवून एकदा तरी प्रोग्राम पळवा.

मागून कुणीतरी विचारलं, सर, मग सरसकट ६४ बिट घेतले तर? घ्या. १९९९ च्या सी मानकापासून नेमक्या मापाचे प्रकार आहेत, ते वापरा, लाँगच्या नादी लागू नका. पण डावीकडचं चल ६४ बिटांचं केलं आणि उजवीकडे दोन साधे इंट (int, ३२ बिटांचे पूर्णांक) गुणले, तर गुणाकार ३२ बिटांतच होतो. उत्तर आधी बिघडतं आणि मग ६४ बिटांत जाऊन बसतं. म्हणून गुणायच्या आधी दोहोंपैकी एकाला तरी ६४ बिटांचं करून घ्या.