हिट झालं, पण कोणाच्या खात्यात?

नमस्कार. पुढच्या रांगांमध्ये एवढी कॉलेजची मुलं बघून बरं वाटलं. त्यांच्या मागे काहींचे आईवडीलही दिसतायत, तेव्हा जरा सांभाळूनच बोलतो. कारण इथून घरी जाताना ‘मला अ‍ॅनिमेटर व्हायचंय’ हा विषय रिक्षातच निकालात निघेल अशी मला धास्ती आहे. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘स्ट्रीमिंगने अ‍ॅनिमेचं गणित बदललं का?’ (अ‍ॅनिमे म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन.) त्याकडे मी येणारच आहे. पण मी पडलो सीए. वही उघडून बघितल्याशिवाय आम्हाला बोलवत नाही, तेव्हा आधी वही.

माझी एक जुनी तक्रार आहे आणि ती ऐकून घेणारी माणसं आज आयती सापडलीयत. कोणतीही मालिका आली की दोन आठवड्यांत निकाल लागतो: हिट किंवा फ्लॉप. आता ताळेबंद कोणाचा हे सांगितल्याशिवाय नफा-तोटा सांगता येतो का? आमच्या धंद्यात असं कोणी बोललं तर त्याला चहा पाजून घरी पाठवतात. एकच मालिका प्रकाशकाला फायद्याची, खेळणीवाल्याला तोट्याची आणि ज्याने ती हाताने काढली त्या स्टुडिओला धड ना फायद्याची ना तोट्याची, असं सर्रास होतं. जपानच्या अ‍ॅनिमे निर्मात्यांच्या संघटनेने दिलेला २०२३ चा आकडा आहे सुमारे ३.३ लाख कोटी येन. म्हणजे जगभरच्या प्रेक्षकांनी, ग्राहकांनी अ‍ॅनिमेपायी मोजलेला पैसा. निम्म्याहून जास्त जपानबाहेरून आलेला. यातलं स्टुडिओंच्या हाती किती पडतं? एक-दशांशाहून थोडं जास्त. आणि खाली उतरत उतरत दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं काढणाऱ्या पोरापर्यंत गेलात, तर एका चित्राला साधारण २०० येन. आपले शंभर-सव्वाशे रुपये. अ‍ॅनिमेटरांच्या संघटनेने २०१५ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली होती. तीत या मधली चित्रं काढणाऱ्यांची सरासरी कमाई वर्षाला ११ लाख येन निघाली. महिन्याला ९० हजार येन, आणि राहायचं टोकियोत. (आईवडिलांनी माना हलवू नयेत, अजून सुरुवात आहे.)

आता हे कोणामुळे झालं म्हणून विचारलं की सगळे एका माणसाकडे बोट दाखवतात: ओसामू तेझुका. १ जानेवारी १९६३ ला फुजी टीव्हीवर त्यांचा ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ सुरू झाला. भाग विकला तो खर्चापेक्षा कमी भावात, आणि तोच भाव पुढे सगळ्यांच्या गळ्यात पडला, असा आरोप. मला हा तेझुकांवर अन्याय वाटतो. अहो, तो गृहस्थ मांगाचा, म्हणजे जपानी चित्रकथांचा, लेखक होता, स्टुडिओचा मालक होता आणि पात्राचा हक्कदारही तोच होता. मेजी कंपनीच्या चॉकलेटच्या डब्यात अ‍ॅस्ट्रो बॉयची चित्रं निघायची, मुलं त्यासाठी चॉकलेट घ्यायची, आणि त्याचा पैसा त्यांच्याकडे यायचा. अमेरिकेत मालिका विकली, तोही पैसा आला. एका खिशातून गेलं ते दुसऱ्या खिशात येत होतं. नंतरच्यांनी काय केलं? भाव तेझुकांचा घेतला आणि दुसरा खिसा शिवून टाकला. तेझुकांची मुशी प्रॉडक्शन १९७३ मध्ये दिवाळखोरीत गेली हे खरं, म्हणजे त्यांचंही गणित काही अचूक नव्हतं. पण दोष भावात नव्हता, हक्क कोणाकडे आहेत यात होता.

हे पटत नसेल तर गुंडमची गोष्ट ऐका. ही माझी आवडती गोष्ट आहे, आयोजकांना माहितीये, म्हणूनच त्यांनी घड्याळ माझ्यासमोर ठेवलंय.

१९७९ चा एप्रिल. शनिवारी संध्याकाळी साडेपाचला नागोयाच्या वाहिनीवरून ‘मोबाइल सूट गुंडम’ सुरू होते. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो, स्टुडिओ सनराइज, आणि पैसा घालणारी मुख्य प्रायोजक कंपनी म्हणजे क्लोव्हर नावाची खेळणीवाली. त्या काळात रोबोची मालिका ही अर्ध्या तासाची खेळण्यांची जाहिरातच असायची, त्यात कोणाला काही गैर वाटत नव्हतं. तोमिनोंना काढायचं होतं युद्ध. दोन्ही बाजूंना माणसं आहेत, मरतायत, नायक पोरगा चिडचिडा आहे, रोबो म्हणजे लष्कराचं एक यंत्र. क्लोव्हरला हवा होता धातूचा, जड, लाल-निळा-पिवळा रोबो, जो सात वर्षांचा मुलगा दुकानात बघेल आणि जमिनीवर लोळण घेईल. रोबोच्या अंगावर ते रंग आजही आहेत, बघा. ते युद्धशास्त्रातून आलेले नाहीत, काउंटरवरून आलेले आहेत.

झालं असं की सात वर्षांच्या मुलाला मालिका कळेना. जी कळत होती ती कॉलेजातल्या, शाळेच्या वरच्या वर्गातल्या पोरांना, आणि ती पोरं धातूचं खेळणं घेणार नव्हती. विक्री पडली, टीआरपीही यथातथाच. मग प्रायोजकाने मध्येच आणखी एक वाहन घुसवायला लावलं, रोबोला जोडता येणारं, म्हणजे पेटी मोठी आणि किंमतही मोठी. तोमिनोंना ते इतकं खुपलं की पुढे सिनेमे काढताना त्यांनी ते वाहन उचलून बाहेर टाकलं आणि दुसरं घातलं. गंमत अशी की नाताळच्या सुमाराला खेळणी जरा खपायला लागली होती. पण तोवर मालिका गुंडाळायचं ठरून गेलेलं. ५२ भागांचा बेत ४३ वर आटोपला. जानेवारी १९८० मध्ये पडदा. त्या दिवशी तुम्ही क्लोव्हरच्या हिशोबनिसाला विचारलं असतंत, तर गुंडम फ्लॉप. शंभर टक्के फ्लॉप.

आणि सहा महिन्यांनी, जुलै १९८० मध्ये, बांदाई कंपनीने प्लास्टिकचं मॉडेल काढलं. १/१४४ आकार, किंमत ३०० येन. सुटे भाग चौकटीतून कापायचे, चिकटवायचे, हवं तर रंगवायचे. हे लोळण घेणाऱ्या मुलासाठी नव्हतं, स्वतःच्या खाऊच्या पैशातून घेणाऱ्या पोरासाठी होतं, म्हणजे नेमकं जो मालिका बघत होता त्याच्यासाठी. पुनःप्रक्षेपण झालं, १९८१-८२ मध्ये मालिकेचेच तुकडे जोडून तीन सिनेमे आले, आणि मॉडेलसाठी दुकानांबाहेर रांगा लागायला लागल्या. १९८२ मध्ये चिबा प्रांतातल्या एका दुकानात चेंगराचेंगरी होऊन मुलं जखमी झाली, इतकी. आज गुंडम या एका नावावर बांदाई नामको वर्षाला १०० अब्ज येनच्या वर उलाढाल करते. सनराइज स्टुडिओच १९९४ मध्ये बांदाईच्या घरात गेला. आणि क्लोव्हर? १९८३ मध्ये बुडाली, तीही तोमिनोंचीच पुढची एक मालिका प्रायोजित करत असताना. ज्याने विहीर खणली त्याच्या बादलीला पाणी नाही.

जाता जाता एक मुंबईची गोष्ट सांगतो. हेच प्रायोजकाचं तंत्र २०१२ मध्ये आपल्याकडे आलं होतं. जपानमध्ये साठच्या दशकात गाजलेली एक बेसबॉलची मालिका घेऊन तिचं क्रिकेट केलं, नायक मुंबईच्या गरीब घरातला सूरज, नाव ‘सूरज: द रायझिंग स्टार’, वाहिनी कलर्स. मूळ गोष्टीत बाप मुलाच्या अंगाला स्प्रिंगांचा पट्टा बांधून सराव करून घेतो. इथे त्याच्या जागी सायकलच्या ट्यूब आल्या. मागे पैसा कोणाचा? मारुती सुझुकी, डायकिन, निसिन, कोकुयो. कोकुयो म्हणजे जिने आदल्याच वर्षी दांडेकरांचं कॅम्लिन घेतलं ती. तुमच्या कंपासपेटीचा आणि अ‍ॅनिमेचा संबंध एवढा जवळचा आहे. त्या सूरजमधून गुंडम काही उगवला नाही. पण त्या कंपन्यांचा हिशोब कार्यक्रमाच्या नफ्याचा नव्हताच, भारतीय मुलांच्या डोळ्यांपुढे नाव राहावं एवढाच होता. म्हणून विचारतो, कोणाच्या खात्यात?

एकट्या प्रायोजकाने बुडायचं ही भीती पुढे सगळ्यांना वाटू लागली, आणि नव्वदच्या दशकात निर्मिती समितीची पद्धत रुळली. मांगाचा प्रकाशक, रेकॉर्ड कंपनी, वाहिनी, जाहिरात संस्था, खेळणीवाला, सगळे मिळून भांडवल काढतात. बारा-तेरा भागांच्या मालिकेला २०-३० कोटी येन लागतात असं धरा, आजकाल जास्तच. बुडालं तर वाटून बुडतं. इथवर समंजसपणा आहे. खरी मेख पुढे आहे. समितीतला प्रत्येक जण एकेक खिडकी धरून बसतो. डिस्कची, म्हणजे डीव्हीडी-ब्लू-रे विक्रीची, खिडकी याची, परदेशी विक्रीची त्याची, खेळण्यांची तिसऱ्याची. आता नुसतं समजण्यासाठी आकडे घेऊ. खेळण्यांचे १०० रुपये आले. खिडकीवाल्याने आधीच २० दलाली कापली. उरलेले ८० समितीत आले, आणि त्यात त्याची गुंतवणूक २० टक्के, म्हणजे आणखी १६. शंभरातले ३६ याचे. शिवाय समिती एकूण तोट्यात असली तरी ती दलाली त्याला मिळून गेलीच. आणि प्रकाशकाचं तर विचारूच नका. अ‍ॅनिमे पडलं तरी मांगाचे खंड खपतात, तो पैसा समितीच्या दारातूनसुद्धा जात नाही.

आणि स्टुडिओ? स्टुडिओ म्हणजे लग्नातला केटरर. ताटाचा दर ठरला, तेवढे पैसे मिळाले. जेवण कितीही उत्तम झालं तरी आहेर यजमानाच्या घरी जातो. मात्र ऐनवेळी माणसं वाढली, भात कमी पडला, तर पदरचं घालून शिजवायचं ते केटररने. वेळापत्रक घसरलं, चित्रं परत काढावी लागली, की तो खर्च स्टुडिओच्या माथी. मॅनग्लोब नावाचा चांगला नावाजलेला स्टुडिओ २०१५ मध्ये असाच सिनेमा अर्धवट ठेवून बंद पडला.

‘इव्हान्जेलियन’ बघितलेले हात वर करा. बाप रे, बरेच आहेत. १९९५ ची मालिका, जपान वेडा झाला. ती करणाऱ्या गायनॅक्सने समितीत पैसे घातले नव्हते. म्हणजे यजमान किंग रेकॉर्ड्स आणि मंडळी. २००४ मध्ये तर इव्हान्जेलियनची पाचिंको यंत्रं आली. जुगाराच्या खोक्याची मूठ धरून बसलेल्या काकांनी या मालिकेला दुसरा जन्म दिला, हे आमच्या चाहत्या मंडळींना कबूल करवत नाही. गायनॅक्सने नंतर अनेक उद्योग करून पाहिले आणि २०२४ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. उलट, त्याच मालिकेचे दिग्दर्शक हिदेआकी आन्नो यांनी २००६ मध्ये खारा नावाचा स्वतःचा स्टुडिओ काढला, गायनॅक्समधून बाहेर पडले, आणि नवे सिनेमे स्वतःचा पैसा घालून काढले. २०२१ च्या शेवटच्या सिनेमाने जपानमध्ये १० अब्ज येनच्या वर गल्ला केला. गोष्ट तीच, रोबो तेच, बापाशी न बोलणारा मुलगा तोच. फक्त खातं बदललं.

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे.’ आणि खाली अधोरेखित करून ‘स्ट्रीमिंग’. बरं.

पळत सांगतो. रात्री उशिराच्या अ‍ॅनिमेला वाहिनी पैसे देत नसे. उलट समितीच वाहिनीची वेळ विकत घ्यायची. प्रक्षेपण म्हणजे जाहिरात, माल म्हणजे डिस्क. एका डिस्कवर दोन भाग आणि किंमत सहा-सात हजार येन. म्हणून काही हजार वेड्या चाहत्यांवर मालिका तरून जायची. चाहत्यांनी २००७ च्या एका मालिकेवरून आपली एक सीमारेषाच ठरवून टाकली होती, साधारण २९०० डिस्क, त्याच्यावर गेलं की वाचलं. ती मालिका यूफोटेबल या स्टुडिओची होती, हे नाव लक्षात ठेवा. मग डिस्क मेली आणि स्ट्रीमिंग आलं. फायदा हा की परदेशी हक्काचा पैसा आगाऊ येतो, कधी कधी पहिला भाग दिसायच्या आधीच भांडवलाचा मोठा भाग वसूल. तोटा हा की रक्कम ठरलेली. मालिका जग गाजवून गेली तरी ठरलं तेवढंच, जर तसा करार असेल तर. नेटफ्लिक्सने २०१८ मध्ये प्रॉडक्शन आयजी, बोन्स अशा स्टुडिओंशी थेट करार केले, मधली समिती टाळून. वेळ आणि दर बरा मिळतो, पण हक्क वहीत येतात का, हे करारागणिक बघावं लागतं. दुसरीकडे सोनीने २०२१ मध्ये क्रंचीरोल ही अ‍ॅनिमेची स्ट्रीमिंग सेवा १.१७५ अब्ज डॉलरला घेतली. अ‍ॅनिप्लेक्स ही अ‍ॅनिमे काढणारी कंपनीही सोनीचीच. म्हणजे विकणारा आणि घेणारा एकाच घरातले. त्यांच्यात भाव कसा ठरत असेल याची आम्हा हिशोबवाल्यांना फार उत्सुकता असते.

तर गणित बदललं का? पैसा वाढला, पैशाची वाट फारशी बदलली नाही. बदलली ती जिथे स्टुडिओ भांडवलासकट आत शिरला तिथे. ‘डीमन स्लेअर’च्या समितीत तीनच सभासद: अ‍ॅनिप्लेक्स, मांगाचा प्रकाशक शुएशा आणि यूफोटेबल. तेच यूफोटेबल. २०२० च्या ‘मुगेन ट्रेन’ने जपानमध्येच ४० अब्ज येनच्या वर कमावले, आणि वाटेकरी तीन. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचा पुढचा सिनेमा भारतात हिंदी, तमिळ, तेलुगूतसुद्धा लागला. तुमच्या तिकिटातला काही अंश त्या वहीत गेलाय. मापा या स्टुडिओने २०२२ च्या ‘चेनसॉ मॅन’ला तर संपूर्ण भांडवल स्वतः घातलं. डिस्क फार खपल्या नाहीत, लगेच इकडे ओरड, फ्लॉप! पण मालिकेचे हक्क त्यांचे, स्ट्रीमिंगचा पैसा त्यांचा, २०२५ मध्ये त्यावर सिनेमा आला. आता हे सगळ्यांना जमेल का? नाही. २०-३० कोटी येन तिजोरीत असलेले स्टुडिओ मोजके, आणि उरलेल्यांनी कर्ज काढून हा डाव खेळला तर एका मालिकेत दुकान बंद. म्हणून क्योतो अ‍ॅनिमेशनचा रस्ता मला जास्त शहाणपणाचा वाटतो: माणसं पगारावर ठेवायची, स्वतःची पुस्तकं छापायची, त्यांच्यावर मालिका काढायच्या, समितीत वाटा घ्यायचा. सावकाश, पण दोन्ही खिसे आपले. यावर अर्धा तास बोलायचं होतं, ते राहिलं.

दुसरी चिठ्ठी येतीये, ती वाचत नाही. प्रश्न घेतो. फक्त ‘पुढचा सीझन कधी’ हे मला विचारू नका, मी कोणत्याच समितीत नाही.