नागीण गेली, आग राहिली

मंडळी, भूलतज्ज्ञाचं काम ऑपरेशन थिएटरपुरतंच, असं बहुतेकांना वाटतं. मग जुनाट दुखण्यासाठी त्याच्याकडे का जायचं? कारण कोणती नस कुठून जाते आणि ती कुठे बधिर केली की कोणता भाग शांत होतो, हे आमचं रोजचं काम आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या एका लष्करी रुग्णालयात जॉन बोनिका हे तरुण भूलतज्ज्ञ होते. जखमा भरूनही सैनिकांची दुखणी थांबत नव्हती. हे एकट्याचं काम नाही, हे ओळखून त्यांनी मेंदूचे, हाडांचे, मनाचे डॉक्टर एकत्र बसवले. 1953 साली त्यांचा वेदना-उपचारांवरचा ग्रंथ आला. आजची पेन क्लिनिकं त्याच वाटेने चालतात.

आता नागिणीचं बघा. फोड सुकतात, खपल्या पडतात, घरचे म्हणतात, ‘झालं, बरी झाली.’ आणि आजी मात्र रात्रभर बसून असतात. फासळ्यांवरून पदर सरकला तरी अंगाची आग होते, पंख्याचा वारा सोसत नाही. वर कातडी जवळजवळ स्वच्छ दिसते, म्हणून कुणाचा विश्वास बसत नाही. तो न बसणं मला फार लागतं. विषाणूने नस दुखावलेली असते आणि ती विनाकारण संदेश पाठवत राहते. बिघडलेल्या विजेच्या घंटीसारखी, दारात कुणी नसताना वाजणारी. तीन महिन्यांच्या वर टिकलेलं असं दुखणं हा स्वतंत्र आजार मानतात.

अशा वेळी साध्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. आम्ही प्रीगॅबालिन किंवा रात्री अॅमिट्रिप्टिलीन अगदी कमी मात्रेत सुरू करतो. मुलगा मोबाइलवर वाचतो, ‘हे तर डिप्रेशनचं औषध!’ आणि गोळी बंद होते. कृपया असं करू नका. नसांच्या दुखण्यात ते औषध वेगळ्या कामासाठी दिलेलं असतं, गुण यायला काही आठवडे लागतात. गरज पडली तर सोनोग्राफीत बघत नसेजवळ इंजेक्शन देतो.

गुडघ्यात, कंबरेच्या सांध्यांतही असंच. आधी संशय असलेल्या नसेजवळ भुलीचं औषध घालून बघायचं. त्या काही तासांत दुखणं ओसरलं, तर दोषी नस सापडली. मग सुईच्या टोकाशी साधारण 80 अंशांची उष्णता मिनिट-दीड मिनिट देऊन तिचे संदेश थांबवतो. आराम काही महिने टिकतो. नस पुन्हा वाढते. तेवढ्या काळात व्यायामाने स्नायू बळकट करून घ्यायचे असतात. ते टाळलं, तर सुईचा निम्मा फायदा वाया.

स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये पोटामागच्या नसांच्या जाळ्यात अल्कोहोल सोडतात. बऱ्याच रुग्णांची मॉर्फिनची, म्हणजे अफूपासूनच्या जोरदार वेदनाशामकाची, गरज त्याने कमी होते. मॉर्फिनची भीती घरोघरी आहे. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे ते मिळवणंही अवघड झालं होतं. 2014 च्या दुरुस्तीने नियम सुटसुटीत झाले. कॅन्सरच्या तीव्र वेदनेत डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते जरूर घ्यावं.

दुसऱ्या भेटीत मी ‘दुखणं शून्य झालं का?’ असं विचारत नाही. झोप लागली का, जिना चढलात का, नातवाला मांडीवर घेतलंत का, हे विचारतो. आणि नागिणीचे फोड दिसताच, 72 तासांच्या आत, लेप लावत न बसता डॉक्टर गाठा. विषाणूवरच्या गोळ्या तेव्हाच जास्त लागू पडतात.